झबल्याची खालची बाजू

मोनालीनं मलमलीची चिंधी मशीनखालून काढली, वरून पाहिली आणि खूश झाली. टीप सरळ, बारीक, एकसारखी होती. मग तिनं चिंधी उलटी केली. खालच्या बाजूला धाग्याची जत्रा भरली होती. फासे, गोळे, गुंते, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलेले. तिनं एक टोक धरून जरासं ओढलं, तर वरची ती देखणी टीपही सरसर उसवून हातात आली.

कालपर्यंत मशीनची तक्रार वेगळीच होती. काल धागा तुटत होता. त्याला लव सुटायची आणि चार बोटं शिवून झालं की तट्‌कन तुटायचा. रात्री जेवताना तिनं ती कहाणी सगळ्यांना ऐकवलीही होती. आज धागा तुटत नव्हता, पण खाली हे असं. एक दुखणं जाऊन दुसरं मुक्कामाला आलं होतं.

चिंधी गेली तर गेली. पण शेजारी घडी घालून ठेवलेली पिवळी मलमल एका झबल्यापुरतीच होती आणि मोनालीची अब्रू तिच्यावर टांगलेली होती. पारशिवनीला तिच्या धाकट्या भावाला, पियुषला, मुलगा झाला होता. रविवारी बारसं होतं आणि मोनाली एकुलती एक आत्या. दवाखान्यात बाळ बघायला गेली तेव्हा नर्सपासून पियुषच्या सासूपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगून टाकलं होतं, की बारशाचं झबलं आत्या स्वतः घरी शिवणार. खाटेवरची भावजय, प्रियदर्शनी, अजून धड उठून बसली नव्हती. तरी तिनं मान वळवली आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "ताई, काहून तरास घेता? सीताबर्डीच्या बाजारात चांगले भेटतात."

यातली मेख बाहेरच्याला कळली नसती. पियुषच्या लग्नात मोनालीनं नव्या जोडप्याला दारावरचं तोरण दिलं होतं, "मी स्वतः विणलं" असं सांगून. तोरणाच्या मागे दुकानाची चिठ्ठी तशीच राहिली होती आणि ती नेमकी नव्या नवरीला सापडली. बिचारीनं तमाशा केला नाही. तिनं चिठ्ठी मोनालीच्या हातात ठेवली आणि "ताई, हे पडलं होतं," एवढंच म्हणाली. भांडली असती तर परवडलं असतं. तेव्हापासून मोनालीला एक तरी वस्तू खरोखर आपल्या हातानं करून त्या पोरीपुढे ठेवायची होती. एवढ्यासाठी तर तिनं ही छोटी विजेवरची मशीन घेतली होती आणि फ्रॉक, उशांचे अभ्रे, पिशव्या शिवून हात बसवला होता.

मनीषनगरच्या त्या फ्लॅटमध्ये माणसं तीनच. मोनाली, तिचा नवरा अभिजीत आणि सासरे भैय्याजी. भैय्याजींचं आयुष्य उमरेडला हातमागावर गेलं. माग बंद पडला, मग सासूबाई गेल्या, आणि मुलानं त्यांना नागपूरला आणलं. इथं ते सकाळी पेपर वाचत आणि दुपारी तोच पेपर पुन्हा वाचत. हात रिकामे राहण्याची त्यांना सवय नव्हती, पण त्याबद्दल ते कधी अवाक्षर काढत नसत. जेवताना लोक बोलत, ते ऐकत.

अभिजीत एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता. घरातली कोणतीही वस्तू बिघडली, की तोंडानं हळहळला तरी आतून त्याला आनंद व्हायचा. त्यानं चिंधी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली.

"गोळे खाली येऊन राहिले ना? मंग बिघाड खालीच आहे," तो म्हणाला. "साधी गोष्ट आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला लागते, बाकी काही नाही."

असं म्हणून त्यानं खालच्या धाग्याची बॉबिन काढली, पुन्हा भरली, उलटी बसवली, सुई बदलली आणि बॉबिन केसचा इवलासा स्क्रू पिळला. स्क्रू निघाला, टुणकन उडाला आणि फ्रिजखाली गेला. फ्रिज ओढावा लागला. फ्रिजमागे मोनालीची हरवलेली झारी सापडली, मोलकरणीवर उगाच घेतलेला संशय आठवून तिला वाईट वाटलं, आणि या सगळ्यातून स्क्रू परत जागेवर बसेपर्यंत तो मुळात किती पिळलेला होता हे कोणालाच आठवेना. आता मशीन चालू केली की खाली गोळे येत आणि वर कापड चुणत होतं.

तेवढ्यात प्रियदर्शनीचा फोन आला. झबलं कुठपर्यंत आलं, एखादा फोटो पाठवा ना, असं ती म्हणत होती. मोनालीनं चुणलेल्या चिंधीकडे पाहत तिला सांगितलं, की बारशापर्यंत काहीच दाखवायचं नाही असं ठरवलंय. पलीकडून "बरं ताई" आलं. त्या "बरं"मध्ये फार काही भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन सीताबर्डीला न्यायची ठरली. तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून स्कूटरवर. अभिजीत पुढे, मागे मोनाली, आणि तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली मशीन. सिग्नलला शेजारच्या बाईनं कौतुकानं चादरीत डोकावून पाहिलं आणि गडबडून तोंड फिरवलं.

बाबूलालचं मशीन दुरुस्तीचं दुकान गल्लीत आत होतं. त्यानं मशीन उघडली, फुंकर मारली, ब्रश फिरवला, तेल सोडलं, अभिजीतनं पिळलेला स्क्रू एका नजरेत ओळखून सारखा केला आणि आपल्या पेटीतला काळा धागा लावून एक जुनं फडकं मशीनखालून पळवलं. खालची बाजू वरच्यासारखीच स्वच्छ होती.

"मॅडम, काही नाही झालं इसको," तो म्हणाला. "मक्खन चालून राहिली."

घरी आल्यावर मोनालीनं हातपाय न धुता आपला धागा लावला. पहिली वीतभर मशीन खरंच मक्खन चालली. मग पुन्हा जत्रा. तिनं बाबूलालला फोन केला, तर तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "दुकानात चालते ना? मंग मशीन बरोबर आहे. तुमी तुमचं घर चेक करून घ्या."

दुसऱ्या कोणी हे वाक्य सोडून दिलं असतं. अभिजीतला मात्र ते पटलं. त्यानं पाण्याची वाटी ठेवून फरशीचा उतार तपासला. मशीन बेडरूममधून हॉलमध्ये आणली. हॉलमध्येही तेच झालं, तेव्हा तो विजेवर आला. व्होल्टेज वरखाली होत असणार, मोटर दचके खात असणार. संध्याकाळी तो एक स्टॅबिलायझर घेऊन आला, आणि जुनं रीळ संपत आलं होतं म्हणून मोनालीनं कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं रीळ आणलं. स्टॅबिलायझर लावला, बाबूलालसारखा मशीनवरून ब्रश फिरवला, नवा धागा ओवला, चिंधी घातली. खालची बाजू लख्ख. अभिजीतनं हात मागे बांधून हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या.

मोनालीला तेव्हाच शिवायला बसायचं होतं. पण स्वयंपाक राहिला होता, आणि ती एकुलती मलमल तिला दिव्याच्या उजेडात कापायची नव्हती. सकाळी भाजी घेऊन आली, आवराआवर केली, आणि मलमलीला हात लावण्याआधी सहज एक चिंधी शिवून पाहिली. खाली गोळे.

त्या संध्याकाळी आणखी एक नवं रीळ आलं, पुन्हा ब्रश फिरला आणि मशीन शहाण्यासारखी चालली. सकाळी पुन्हा वेड्यासारखी. सकाळी सगळ्या सोसायटीचे पाण्याचे पंप चालतात, त्याचा हा परिणाम, असं अभिजीतनं जाहीर केलं आणि डबा घेऊन कॉलेजला गेला.

मोनाली एकटीच मशीनसमोर बसून राहिली. बारसं तीन दिवसांवर आलं होतं, तिला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला रडण्यापेक्षा जास्त उत्सुकता वाटत होती. संध्याकाळी चालणारी आणि सकाळी बिघडणारी मशीन तिनं ऐकली नव्हती. हे दुखणं वेळ पाहून येत होतं, म्हणजे त्याला काहीतरी कारण होतं, आणि ते या घरातच कुठेतरी होतं.

तिला एक गोष्ट सुचली. वरचा पांढरा धागा तिनं तसाच ठेवला आणि खालच्या बॉबिनमध्ये लाल धागा भरला. मग चिंधी शिवली आणि उलटी केली. सगळे गोळे पांढरे होते. लाल धागा बिचारा मधून सरळ चालला होता आणि वरून आलेला पांढरा धागा त्याच्या अंगावर ढिला सांडत होता. म्हणजे खालचा कधीच दोषी नव्हता. गुन्हा वर घडत होता आणि आठवडाभर सगळे खालच्याला पिळत होते.

वर काय, तर रिळापासून सुईपर्यंतची वाट. त्या वाटेवर दोन लहान चकत्या असतात. धागा त्यांच्या मधून जातो आणि त्या त्याला धरून ठेवतात, म्हणून तो हवा तेवढाच सुटतो. मोनालीनं चष्मा लावला आणि त्या चकत्यांमध्ये डोकावली. आत काहीतरी पांढरं साचलं होतं. तिनं सुईच्या टोकानं ते खरवडलं. पापुद्रे निघाले, पीठ निघालं. चकत्या त्या पिठानं फाकल्या होत्या, त्या धागा धरणार कशा. कारण सापडलं, पण त्यानं कोडं आणखीच वाढलं. तिनं बोटाला लागलेलं पीठ नाकाशी नेलं आणि तिचा स्वतःवर विश्वास बसेना. भाताचा वास येत होता.

जे काही होत होतं ते ती सकाळी भाजीला गेल्यावरच होत असणार, म्हणून संध्याकाळी तिनं मुद्दाम नवं रीळ आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी घेतली, भाजीला जाऊन येते म्हणून भैय्याजींना सांगितलं, जिन्यानं खाली गेली, थोडा वेळ तिथंच थांबली आणि चपला हातात घेऊन वर आली. स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरताना तिला हसू येत होतं.

बाल्कनीत ऊन आलं होतं. कपडे वाळत घालायच्या दांडीपासून खिडकीच्या गजापर्यंत आणि गजापासून पुन्हा दांडीपर्यंत पांढरा धागा ताणलेला होता, कितीतरी पदरी, एकाला एक न चिकटता. समोर भैय्याजी उभे होते. एका हातात भाताच्या पेजेची वाटी, दुसऱ्या हातात अभिजीतचा दाढीचा जुना ब्रश. ब्रश पेजेत बुडवून ते धाग्यांवरून एकाच दिशेनं फिरवत होते आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. या घरात आल्यापासून मोनालीनं त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

"मामाजी, हे काय करून राहिले?"

ते दचकले नाहीत. उलट कोणीतरी बघायला आलं याचं त्यांना बरंच वाटलं.

"पाजणी करून राहिलो," ते म्हणाले. "त्या दिवशी जेवताना तूच म्हणे ना, धाग्याले लव येते, तुटून राहिला म्हणून. तुटीनच ना वं. आमी मागावर चढवाच्या आंधी धाग्याले पेज पाजत होतो. मंग तो कडक होते, गुळगुळीत होते. इथं दुकानवाले तसाच कोरडा विकतात. म्हटलं, सून एवढी मरून राहिली, तर आपल्याच्यानं होईन तेवढं करा."

"रोज करता?"

"तू नवीन रीळ आणलं का करतो. तू भाजीले गेली का उलगडतो, ऊन चांगलं आहे, लगेच वाळते. तू वापस आली का पुन्हा भरलेलं असते. तुले समजलंबी नसन." ते थांबले आणि जरा पुढे वाकून त्यांनी विचारलं, "आता सांग बरं, त्या दिवसापासून एकदा तरी तुटला काय?"

मोनालीनं त्या धाग्यांकडे पाहिलं. आठवडाभराचा सगळा घोळ, ती स्कूटर, तो स्टॅबिलायझर, ओढलेला फ्रिज, सगळं त्या बाल्कनीत उन्हाला घातलेलं होतं. आणि समोर हा म्हातारा माणूस, पहिल्यांदाच काही उपयोगाला आल्यासारखा, उत्तराची वाट बघत होता. धागा खरोखर एकदाही तुटला नव्हता.

"नाही मामाजी," ती म्हणाली. "एकदाबी नाही."

आता पंचाईत अशी, की चकत्या साफ करून गुपचूप दुसरं रीळ लावावं, तर भैय्याजी दिवसभर समोर बसलेले. आपला धागा बाजूला पडलेला त्यांना दिसला असता आणि कारण विचारल्याशिवाय ते राहिले नसते. त्यांचा धागा मशीनला लावावा, तर झबल्याची खालची बाजू पारशिवनीला दाखवण्यालायक राहिली नसती. अभिजीतला सांगणं तर शक्यच नव्हतं. त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि ही गोष्ट त्यानं वडिलांना आकृती काढून समजावली असती.

मोनालीनं मशीनवर चादर टाकली. बाळाच्या अंगाला मशीनची टीप टोचते म्हणून हातानंच शिवते, असं तिनं भैय्याजींना सांगितलं. त्यांना ते एकदम पटलं. दोन दिवस, अभिजीत कॉलेजला गेला, की ती खिडकीशी बसायची आणि भैय्याजी समोर बसून एकेक सुई ओवून तिच्या हातात द्यायचे. शनिवारी त्याला अर्धा दिवस होता, तेवढाच वेळ मिळाला. आणि गंमत म्हणजे पेज पाजलेला तो धागा हाताच्या सुईत असा काही सरकायचा, की ना गाठ, ना पीळ, ना लव. तिची टीप इतकी बारीक आयुष्यात कधी पडली नव्हती. ती दहा वेळा झबलं उलटं करून खालची बाजू बघायची आणि स्वतःशीच हसायची. अभिजीतला तयार झबलं दिसलं, तेव्हा स्टॅबिलायझरचा जम बसायला दोन-तीन दिवस लागतातच, असं तो म्हणाला.

बारशाला घर भरलं होतं. मोनालीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले, आणि त्यातला प्रियदर्शनीचा धपाटा सगळ्यांत हलका होता हेही तिच्या लक्षात आलं. मग तिनं झबलं काढून दिलं.

प्रियदर्शनीनं ते हातावर घेतलं, पाहिलं, आणि उलटं केलं. खालची बाजू तिनं बोट फिरवून तपासली. तिच्या आईनं तपासली. मग शेजारच्या एका बाईनंही तपासली. प्रियदर्शनीच्या चेहऱ्यावर खरंखुरं कौतुक आलं आणि ती मनापासून म्हणाली, "किती सुंदर आहे ताई. कोणत्या दुकानात भेटलं?"

"मी शिवलं," मोनाली म्हणाली.

"हो ना ताई, तुमीच शिवलं," प्रियदर्शनी म्हणाली. लहान मुलानं "मी मोठा झालो" म्हटल्यावर आपण ज्या आवाजात हो म्हणतो, तोच हा आवाज होता. घरी कुठं अशी टीप पडते, असं तिच्या आईनं शेजारणीला हळूच सांगितलं आणि ते सगळ्यांना ऐकू आलं. वाईट शिवलं असतं तर निदान विश्वास तरी बसला असता.

पुरुषांच्या घोळक्यातून भैय्याजी उठले. त्यांनी झबलं मागून घेतलं, पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि आतल्या टिपेवर एका ठिकाणी चोळलं.

"इथं हात लाव पोरी," ते प्रियदर्शनीला म्हणाले. "चिकट लागते ना? पेज हाय ते. माह्या हातची. दुकानातल्या झबल्याच्या धाग्याले कोणी पेज पाजते काय?"

प्रियदर्शनीनं बोट लावलं. मग बोटाकडे पाहिलं, मग झबल्याकडे, आणि मग मोनालीकडे. ती पुढे झाली आणि सगळ्यांदेखत मोनालीच्या पाया पडली. वाकलेली असतानाच पुटपुटली, "ताई, मी उगाच बोलली." मोनालीनं तिला उठवून जवळ घेतलं, तेव्हा दोघींचेही डोळे भरले होते. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं.

पण भैय्याजींना आता श्रोते मिळाले होते. पाजणी कशी करतात, उमरेडला कशी करत, इथं बाल्कनीत कशी केली, हे ते सविस्तर सांगू लागले. मशीनला लावलेलं प्रत्येक रीळ आपण सकाळी पाजून ठेवत होतो, हेही त्यांनी अभिमानानं सांगितलं. अभिजीत पेढ्याचं ताट घेऊन उभा होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. सकाळ, संध्याकाळ, नवं रीळ, जुनं रीळ, सगळं त्याच्या डोक्यात एका ओळीत येऊन बसत होतं. "म्हणजे बाबा, मशीन जे," एवढं तो बोलला, तोच मोनालीनं त्याच्याच ताटातला एक पेढा उचलून त्याच्या तोंडात कोंबला. बायकांना ते फार गोड वाटलं.

इकडे प्रियदर्शनी भैय्याजींच्या समोर बसली होती. तिला माहेराहून पायानं चालवायची मशीन आली होती आणि आता बाळाचे सगळे कपडे ती घरीच शिवणार होती. मामाजींनी तिलाही असा धागा पाजून द्यावा, असं तिचं म्हणणं होतं. भैय्याजींनी तिला कोणते रंग, किती रिळं, सगळं विचारून घेतलं. कितीतरी वर्षांनी त्यांच्याकडे कोणीतरी काम घेऊन आलं होतं.

निघताना हळदकुंकू लावायला प्रियदर्शनी जवळ आली, तेव्हा मोनालीनं संधी साधली आणि तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. प्रियदर्शनीनं ऐकून घेतलं, हसली, हळूच काहीतरी बोलली आणि मान हलवत आत गेली.

गाडी पारशिवनीच्या बाहेर पडल्यावर अभिजीतनं आवाज खाली घेऊन विचारलं, "तू सांगितलं ना तिले, मशीनवर लावू नको म्हणून?"

"सांगितलं. म्हटलं, हातानं शिवाले सोनं आहे, पण मशीनले लावू नको."

"मंग?"

"तिचा विश्वास नाही बसला. म्हणे, ताई, असा धागा आपल्या एकट्याजवळच राहावा असं वाटते ना तुमाले."

अभिजीत हसायला लागला, आणि मागे ऐकू जाऊ नये म्हणून खोकला. मागच्या सीटवर भैय्याजी ताठ बसून बाहेर बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी पुढे वाकून मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"सीताबर्डीवर थांबवजो गा," ते म्हणाले. "धागा घ्या लागते. पोरीनं पिवळा सांगितला, पण मी म्हणतो निळाबी घेऊन ठेवू काय?"

अभिजीतनं बायकोकडे पाहिलं. आठवडाभराच्या वैतागाचा त्यानं डोळ्यांनीच तिच्याकडे न्याय मागितला.

"सारेच रंग घेऊ, मामाजी," मोनाली म्हणाली.